उंबऱ्यावरचं पाकीट

सरकारी दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर वेनिआमिन तिखोनोविच झुबारेव तरातरा चालत गेला, सात नंबरच्या दाराच्या मुठीला त्यानं हात घातला, आणि मागून आवाज आला, "ओ टोपीवाले! कुठं निघालात?" हात मुठीवरच राहिला. वळून पाहतो तर खिडकीखालच्या बाकावर हिरव्या रुमालाची एक म्हातारी, मांडीवर पिशवी, पायांत लोकरी बूट. "रांग आहे इथं," ती म्हणाली. झुबारेवनं इकडंतिकडं पाहिलं. दाराशी कुणीही उभं नव्हतं. एक माणूस भिंतीवरचं गोवराचं पत्रक वाचत होता, लांबच्या बाकावर दोन बायका कुणाच्या तरी सुनेची उणीदुणी काढत होत्या, एक गरोदर मुलगी डुलक्या घेत होती. "रांग कुठाय?" त्यानं अगदी खरोखरीचं विचारलं, आणि सगळा व्हरांडा फस्सकन हसला. गरोदर मुलगीसुद्धा जागी होऊन हसली. आता वेलीगोर्स्कात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की रांग काही डोळ्यांना दिसत नाही, ती माणसांच्या डोक्यात असते. आत यायचं, मोठ्यानं "शेवटचं कोण?" म्हणून विचारायचं, कुणीतरी बोट वर करतं, त्याचं तोंड लक्षात ठेवायचं, आणि मग खुशाल कुठंही बसायचं, वाटलं तर खाली जाऊन सिगारेट ओढून यायचं. तुमची जागा कुठं पळून जात नाही. हे झुबारेव विसरला होता. आधी रस्ते-पूल खात्याचा प्रमुख आणि मग प्रांताचा उपगव्हर्नर, मिळून बावीस वर्षं. या बावीस वर्षांत गाडी मागच्या दाराशी लागायची, मोठा डॉक्टर स्वतः जिना उतरून यायचा, आणि ओव्हरकोट अंगावरून कधी उतरला हेही कळायचं नाही. मुठीवरचा हात त्यानं काढून घेतला. कान तापले. शाळेत फळ्यापाशी उत्तर न आल्यावर तापायचे तसे, आणि त्या गरमीबरोबर खडूचा वाससुद्धा आला. त्यानं विचारलं, "शेवटचं कोण आहे?" म्हातारीनं बोट वर केलं. "मी. तुम्ही माझ्यामागं. बसा आता, लाजू नका, सगळेच चुकतात." आणि काय सांगावं, झुबारेवला बरं वाटलं! मिनिटभरात एक लठ्ठ माणूस धापा टाकत जिना चढून आला, त्यानं तोच प्रश्न विचारला, आणि झुबारेवनं बोट वर केलं. "मी," तो म्हणाला. आपल्यापुढं कुणीतरी आहे आणि आपल्यामागंही कुणीतरी आहे, एवढ्याशा गोष्टीनं साठी उलटलेल्या माणसाला इतका आनंद व्हावा याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं.

खरं तर तो इथं आला होता रक्तदाबाचा दाखला घ्यायला. वकिलानं धाडलं होतं. वकील म्हणजे वादिम येगोरोविच कोपिलोव, पस्तिशीचा, मार्च महिन्याच्या चिखलातही ज्याचे बूट चकचकीत असतात असा. "दाब वाढलेला हवा," त्यानं काल बजावलं होतं. "वाढलेलाच असेल म्हणा, तुमच्या जागी कुणाचा नसता? आणि नर्ससाठी चॉकलेटची एक वडी न्या. रिकाम्या हातानं कोण जातं?" वडी आत्ता ओव्हरकोटाच्या डाव्या खिशात होती. उजव्या खिशात चौघडी घातलेला कागद होता. आज साडेअकराला कोर्टात आरोपीचा शेवटचा शब्द. आठ महिन्यांच्या खटल्यात वकील बोलतात, साक्षीदार बोलतात, पण निकालाआधी एकदा आरोपीनं उठायचं आणि जे मनात असेल ते बोलायचं. तेव्हा त्याला कुणी प्रश्न विचारत नाही, कुणी घड्याळ दाखवत नाही. मनात काय आहे हे कोपिलोवनं दोन पानांवर टाइप करून दिलं होतं. त्यातलं एकच वाक्य महत्त्वाचं: 'त्या पाकिटात काय होतं हे मला माहीत नव्हतं, ते माझ्या सेक्रेटरीनं, नागरिक लादीगिना यांनी, स्वतःच्या हातानं स्वीकारलं.' "एवढं म्हणा," कोपिलोव म्हणाला होता, "पुढचं सगळं ठरलेलं आहे. तुम्ही सुटता. केस तिच्याकडं वळते. तिला फार नाही, चार वर्षं होतील." चार वर्षं त्यानं असं म्हटलं, जणू पुढच्या स्टॉपपर्यंत उभं राहून जायचंय. झुबारेवनं तेव्हा कागद घेतला होता. नाही म्हटलं नव्हतं. गेले चार दिवस तो कागद त्याच्याबरोबर जेवत होता, झोपत होता, आणि खिशात हात गेला की बोटांना त्याच्या कडा लागत होत्या.

नागरिक लादीगिना म्हणजे रिम्मा ओसिपोव्ना. एकोणीस वर्षं त्याच्या दाराबाहेरच्या टेबलाशी बसलेली. कुणी जाड पाकीट घेऊन आलं की ती उठायची, झारी उचलायची आणि लांबच्या खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालायला जायची. त्या कुंड्यांतली झाडं कुजली त्या पाण्यानं! तिला ठाऊक होतं का? होतंही आणि नव्हतंही. पण दीड वर्षापूर्वी, ऑक्टोबरात, श्मात्को आला तेव्हा ती उठली नाही. एदुआर्द माकारोविच श्मात्को, डांबराचा ठेकेदार, दहा वर्षांचा दोस्त. त्या दिवशी त्याच्या कोटाच्या बटणात पोलिसांचा कॅमेरा होता. तो आत यायलाच तयार नव्हता. दारात उभा राहून म्हणाला, "घाईत आहे, वेनिआमिन तिखोनोविच, खाली गाडी चालू आहे. एवढं घ्या." झुबारेव टेबलामागून उठला, दारापर्यंत आला आणि त्यानं हात पुढं केला. तेवढ्यात रिम्मा ओसिपोव्ना किंचाळली, "अगंबाई! उंबऱ्यावरून? भांडणं लागतील ना दोघांत!" खुर्ची मागं पाडून ती धावली, श्मात्कोच्या हातातून तिनं पाकीट काढून घेतलं, उंबरा ओलांडून आत गेली आणि ते साहेबांच्या टेबलावर ठेवून आली. अर्ध्या मिनिटात पोलीस आत शिरले. कोर्टात ती फिल्म सहा वेळा दाखवली. उंबऱ्यावरून काही द्यायचं-घ्यायचं नाही हे तिच्या हाडीमासी मुरलेलं, तिच्या आईनं शिकवलेलं, आणि त्यापायी फिल्ममध्ये दिसतात ते तिचेच दोन हात, मनगटापर्यंत स्वच्छ, नखांना फिका रंग लावलेले. झुबारेवचा हात दाराच्या चौकटीआड झाकला गेला आहे. बाहीची कड तेवढी दिसते. "देवानंच धाडली हो ती बाई," कोपिलोव पहिल्यांदा फिल्म पाहून म्हणाला होता. आणि साक्षीला उभी राहिल्यावर न्यायाधीशांनी विचारलं, पाकीट का घेतलंत, तर ही म्हणते कशी, "उंबऱ्यावरून देत होते हो! तुमच्या घरी देतात का?" सगळं कोर्ट हसलं. झुबारेवही हसला होता. घरी जाऊन मात्र त्या रात्री त्यानं उजवा हात नळाखाली कितीतरी वेळ धरला, कशासाठी ते त्याला सांगता आलं नसतं.

"आज त्या झुबारेवचं आहे ना कोर्टात?" सुनेची उणीदुणी काढणारी एक बाई म्हणाली. झुबारेवनं टोपी पुढं ओढली. चार महिन्यांची दाढी होती, टीव्हीवर दिसायचा तेव्हाची हनुवटी आता कुणाला ओळखू आली नसती.

"आज त्याचं भाषण," हिरव्या रुमालाची म्हातारी म्हणाली. "निकाल मागाहून."

"सुटणार," गोवराच्या पत्रकावरून नजर न काढता तो माणूस म्हणाला. "असले सुटतात."

"तो सुटेल हो, पण आत बसेल ती रिम्मा. आमच्या गल्लीतली," म्हातारी म्हणाली. "आंधळ्या बहिणीला हात धरून दुकानात नेते, कोपऱ्यावर खड्डा आहे तिथं रोज सांगते, फाया, पाय उचल. खड्डासुद्धा त्याचाच, त्या मेल्याचा!"

"पण घेतले तर तिनंच म्हणे. फिल्म आहे," दुसरी बाई म्हणाली.

"ती घेणार?" म्हातारी उसळली. "अहो, तिच्या थंडीच्या कोटाची कॉलर मी दोनदा उलटून शिवलीय, ह्या हातांनी. पैसे घेणारी बाई कॉलर उलटून शिवून घेते का? त्यानं घेतले. सगळं डांबर खाल्लं त्यानं. पण म्हणेल का तसं? त्याच्या अंगात कुठला आलाय दम, मी घेतले म्हणायचा!" मग तिनं झुबारेवकडं जरा निरखून पाहिलं. "तुम्ही पण थोडे त्याच्यासारखेच दिसता हं. नाक."

"हो, सगळे म्हणतात," झुबारेव म्हणाला.

"वाईट नशीब तुमचं," म्हातारी म्हणाली, आणि व्हरांडा पुन्हा हसला.

दम नाही. शिव्या त्यानं खूप ऐकल्या होत्या. वर्तमानपत्रं त्याला चोर म्हणत होती, लांडगा म्हणत होती, एकानं तर व्यंगचित्रात त्याला डांबराचं पिंप तोंडाला लावलेला दाखवला होता आणि ते चित्र त्याला मनातल्या मनात आवडलंही होतं. पण दम नाही? त्याला? वेल्या नदीवरचा पूल उभा राहिला तेव्हा पहिला भरलेला ट्रक कुणी चालवत नेला? थंडीत बर्फावरून आणि उन्हाळ्यात तराफ्यावरून नदी ओलांडायची, आणि मधले सहा आठवडे, बर्फ धड राहत नाही आणि धड जात नाही तेव्हा, पलीकडच्या सोळा गावांना ना डॉक्टर ना पाव. त्या गावांसाठी तो पूल. राजधानीहून आलेले इंजिनियर काठावर कागद चाळत उभे होते, ड्रायव्हर घाम पुसत होता, तेव्हा झुबारेवनं ड्रायव्हरला खाली उतरवलं, स्वतः चढला आणि खडी भरलेला ट्रक पलीकडं नेला. मधल्या खांबावर पूल जरा हलला होता. तो हलका हेलकावा त्याला आजही पोटात जाणवतो. पलीकडं पोचल्यावर बायकांनी त्याला ओढून खाली काढलं, त्याच्या तोंडात स्वागताचा मीठ लावलेला पाव कोंबला, आणि एक म्हातारा रडत म्हणाला, हा आधी असता तर माझी बायको मेली नसती. हे कुणी केलं? आणि त्याच पुलाच्या दोन्ही टोकांना डांबराचा थर अर्धा कुणी केला? तोही मीच की! त्या दोन्ही गोष्टी एकाच हातानं झाल्या होत्या, आणि फिल्ममध्ये चौकटीआड गेलेला तो हात आता बाकावर गुडघ्यावर पडून होता, जाड बोटांचा, अंगठ्यावर जुन्या हातोड्याची खूण असलेला.

सुरुवात कुठून झाली हे त्याला अचूक आठवत होतं, कारण ती सुरुवात फार सुंदर होती. तो सत्तावीस वर्षांचा मुकादम होता, लिपोव्का नावाच्या खेड्यात एका विधवेच्या फाटकासमोर त्यानं दोन गाड्या खडी जास्त टाकली होती, तिनं मागितली नसताना. नुसतं तिला चिखलातून बादली नेताना पाहिलं म्हणून. दुसऱ्या दिवशी ती खारवलेल्या आळंब्यांची बरणी घेऊन आली. तो नको म्हणाला. ती रागावली, "म्हणजे मी काय कृतघ्न आहे?" तेव्हा त्यानं घेतली. संध्याकाळी वसतिगृहात उकडलेल्या बटाट्यांबरोबर त्या आळंब्या खाल्ल्या. बडीशेपेच्या देठांचा वास, थंडगार, दातांखाली कुरकुरणाऱ्या. तशी चव पुन्हा कधी मिळाली नाही. पुढं त्या शब्दानंच त्याला धरलं. कृतज्ञता. कोन्याकची बाटली आली ती कृतज्ञता, पाटीभर मासे आले ती कृतज्ञता, घराचं छत कुणी बांधून दिलं ती कृतज्ञता, आणि मग नुसती पाकिटं यायला लागली. "आम्ही कृतज्ञ माणसं आहोत, वेनिआमिन तिखोनोविच," श्मात्को हात छातीवर ठेवून म्हणायचा. दुसरा शब्द, खरा शब्द, त्याच्या कचेरीत बावीस वर्षांत कुणी उच्चारला नाही. त्याची बायको चार वर्षांपूर्वी गेली, तिनंही नाही, ती फक्त म्हणायची, "वेन्या, पुन्हा कुणीतरी कृतज्ञ होऊन गेलंय वाटतं." अटक झाल्यावर तपास अधिकारी 'तो प्रकार' म्हणायचा. कोपिलोव 'तो प्रसंग' म्हणायचा. सरकारी वकील बाई म्हणायच्या तो शब्द, पण आरोपपत्रावरून, भरभर, कलमाच्या आकड्याला चिकटवून. झुबारेवनं बाकावर बसल्या बसल्या तो ओठांत पुटपुटून पाहिला. लाच. दोनच अक्षरं. जिभेला काहीही झालं नाही. मग त्यानं सगळं वाक्यच म्हणून पाहिलं, आणि शेजारचा लठ्ठ माणूस म्हणाला, "काय म्हणालात?"

"काही नाही. माझ्यानंतर तुम्ही."

आता मात्र त्याच्या आत काहीतरी सुरू झालं. माझी कामं दुसऱ्याच्या नावावर? पुलाच्या कोनशिलेवर आपलं नाव गव्हर्नरच्या नावाखाली बारीक अक्षरांत आलं म्हणून ती रातोरात बदलून घेणारा माणूस मी! आणि माझं घेणं, माझं स्वतःचं, मुकादमापासून उपगव्हर्नरपर्यंत रुजत गेलेलं घेणं, ते रिम्मा ओसिपोव्नाच्या नावावर चढवायचं? जी झारी घेऊन खिडकीपाशी पळायची तिच्या? त्याला हसू आलं. हा पश्चात्ताप आहे की नुसता अहंकार, हे त्यानं तपासून पाहिलं नाही. असेल अहंकार. आयुष्यभर त्यानंच त्याला ओढत नेलं होतं, आज जरा बऱ्या दिशेला नेत असेल तर नेऊ दे. डोळ्यांपुढं फाया आली, कधी न पाहिलेली, खड्ड्याच्या काठावर एक पाय उचलून उभी, आणि हात धरायला शेजारी कुणी नाही. त्या चित्रानं त्याच्या छातीत कळ आली, खरीखुरी.

नर्सनं त्याच्या दंडाला पट्टा गुंडाळला, हवा भरली, सोडली, कपाळाला आठ्या घातल्या. "पुन्हा बघू." पुन्हा पाहिलं. "एकशेवीस-ऐंशी. या वयात! काय करता तुम्ही? पोहायला जाता?"

"आरोपी आहे," झुबारेव म्हणाला.

तिनं कार्डावरचं नाव वाचलं. मग दाराकडं एकदा पाहून हळूच म्हणाली, "वाढवून लिहू का? लिहून घेतात लोक. काही हरकत नाही." चांगली होती ती, डोळ्यांखाली काळं, बोटांना स्पिरिटचा वास. झुबारेवचा डावा हात खिशात चॉकलेटपर्यंत गेला, अगदी सवयीनं, आणि तिथंच थांबला. "नको," तो म्हणाला. "आहे तेवढाच लिहा. शिक्का मात्र ठळक मारा."

दवाखाना ते कोर्ट म्हणजे नदी ओलांडायची. बसनं गेला असता, पण तो पायी निघाला. छपरांवरून बर्फाचे सुळे टपटप गळत होते, रस्ताभर पाणी, ऊन असं की डोळे मिटावेत. पुलाच्या तोंडाशी बस खड्ड्यात आदळली, आतल्या माणसांची डोकी एकदम वर उडाली, आणि झुबारेवनं त्या खड्ड्याकडं थांबून पाहिलं. थर दिसत होता, बोटभर जाडीचा. "कृतज्ञता," तो मोठ्यानं म्हणाला. मधल्या खांबावर येऊन त्यानं कठड्याला पाठ टेकली, नर्ससाठी आणलेली वडी काढली, चांदी सोलली आणि उभ्या उभ्या सगळी खाल्ली. खाली वेल्याचा बर्फ तडकत होता, मधेच तोफेसारखा आवाज करून. दुसऱ्याला द्यायला आणलेली आणि दिली नाही, अशी बावीस वर्षांतली ही पहिलीच वस्तू; दाढीला लागलेलं चॉकलेट त्यानं हातमोज्यानं पुसलं, आणि त्याला धावत सुटावंसं वाटलं. थोडा धावलाही.

कोपिलोव कोर्टाच्या पायऱ्यांवर वाट पाहत होता. "दाखला?" त्यानं घेतला, वाचला, उलटा करून पाहिला. "हे काय? हे मी न्यायाधीशांना दाखवू?"

"दाखवा की. माणूस ठणठणीत आहे, कितीही वर्षं टिकेल."

"थट्टा सुचतेय तुम्हाला. कागद आहे ना जवळ? आहे तसा वाचायचा. एक शब्द इकडचा तिकडं नको."

आत दुसऱ्या बाकावर रिम्मा ओसिपोव्ना बसली होती, त्याच कॉलर उलटलेल्या कोटात, मांडीवर चहाचा थर्मास. साक्ष संपली तरी ती रोज यायची. ती उठून त्याच्यापाशी आली. "वेनिआमिन तिखोनोविच, सकाळपासून काही खाल्लंत?"

"चॉकलेट."

"रिकाम्या पोटी! तुमचं पित्त उसळेल ना." मग आवाज खाली आणून, जणू उद्याच्या बैठकीची वेळ सांगावी तसं ती म्हणाली, "तुमच्या वकिलांनी मला काल सगळं सांगितलंय. तुम्हाला वाचायचं ते वाचा, माझा संकोच नको. फायासाठी मी शेजारच्या झोयाला सांगून ठेवलंय. किल्लीसुद्धा देऊन आलेय."

ती किल्ली देऊन आली होती. ओरडली असती, थुंकली असती तर त्याला सोपं गेलं असतं. ती आपल्या जागी जाऊन बसली, थर्मासचं झाकण घट्ट आहे ना ते तिनं तपासलं, आणि समोर पाहत राहिली.

"आरोपी झुबारेव, शेवटचा शब्द तुमचा," न्यायाधीश म्हणाले. झुबारेव उठला. कागद काढला, उलगडला. आणि तोंड उघडताच आतून ते जुनं यंत्र आपलंआपण चालू झालं, "सन्माननीय न्यायालय, गेली बावीस वर्षं या प्रांताच्या विकासासाठी..." तोच आवाज, फिती कापण्याचा, खालच्या पट्टीतला. घशातून असा सहज वाहत होता की वाटलं हा आता थांबायचा नाही, हाच बोलत बोलत त्या वाक्यापर्यंत जाईल आणि ते वाक्यही म्हणून टाकेल, आणि आपण बाजूला उभे राहून ऐकत बसू. भीती वाटली त्याला, आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या आवाजाची. त्यानं दात घट्ट मिटले. कुणीतरी खोकलं. कागद त्यानं पुन्हा घडी करून टेबलावर ठेवला, आणि म्हणाला, "मी लाच घेतली."

कोपिलोवनं त्याच्या कोटाची शेपटी ओढली. नोंदी घेणारी कारकून बाई यंत्रावरून मान वर न करता म्हणाली, "जरा सावकाश, मी टाइप करतेय." आणि झुबारेवला एकदम मोकळं वाटलं, कारण टाइप करणाऱ्या बाईला मजकूर सांगणं हे काम तर तो एकोणीस वर्षं करत आला होता! हात मागं बांधून त्यानं दोन पावलं टाकली. "लिहा. मी लाच घेतली. पूर्णविराम. पाकिटासाठी हात माझा पुढं झाला होता, तो फिल्ममध्ये चौकटीआड गेलाय. पूर्णविराम. लादीगिना मधे आल्या त्या उंबऱ्यामुळं, फक्त उंबऱ्यामुळं. पाकिटाशी त्यांचा काडीचा संबंध नाही. पूर्णविराम. आणि हे पाकीट पहिलं नव्हतं."

"पूर्णविराम?" कारकून बाईनं विचारलं.

"पूर्णविराम."

"वेनिआमिन तिखोनोविच!" मागून रिम्मा ओसिपोव्ना ओरडली. न्यायाधीशांनी टेबलावर हात आपटला, पण झुबारेवला आता कुणी थांबवू शकत नव्हतं, आणि तसा कायदाच होता. "पूल मी बांधला," तो म्हणाला, मुकादमाच्या आवाजात, जो नदीच्या पलीकडच्या काठावर ऐकू जायचा. "डांबर मी खाल्लं. दोन्हीखाली सही माझीच राहू द्या. मला तेवढंच मागायचंय." मग तो खाली बसला. कोपिलोव भिंतीसारखा पांढरा झाला होता. झुबारेवच्या छातीत असा काही आनंद भरला होता की त्याला त्याची थोडी लाज वाटली. हा आनंद लोकांना दिसेल, कोडगा म्हणतील.

चार वाजता निकाल आला. आठ वर्षं. आणि लादीगिना यांच्याविरुद्ध काहीही पुरावा आढळला नाही, असं एक वाक्य. ते न्यायाधीशांनी बाकीच्या मजकुराहून जरा सावकाश वाचलं. दोन शिपाई जवळ आले, मोठा होता तो पन्नाशीचा, सर्दीनं नाक लाल झालेला. त्यानं बेड्या लावल्या, झुबारेवच्या मनगटाला त्या थंड लागल्या. "चला," शिपाई म्हणाला.

"मिनिटभर थांबा," झुबारेव म्हणाला. "लांबचा प्रवास आहे. बसू या की."

शिपायानं सोबत्याकडं पाहिलं. लांब जायचं असलं की निघण्याआधी घरातल्या सगळ्यांनी मिनिटभर मुकाट बसायचं, हे वेलीगोर्स्कात कोण मोडणार? बेडीची साखळी सांभाळत तो झुबारेवशेजारी टेकला. दुसराही बसला. रिम्मा ओसिपोव्ना समोरच्या बाकावर बसली, तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि चेहरा मात्र संतापलेला होता. "मूर्ख माणूस," ती म्हणाली, "आठ वर्षं!" मग तिनं ओठ मिटले, कारण त्या मिनिटात बोलायचं नसतं. कारकून बाई कागद आवरत होती, ती हातातला गठ्ठा तसाच धरून खुर्चीत बसली. दारापर्यंत गेलेला कोपिलोव थांबला, चुळबुळला, आणि परत येऊन बाकाच्या टोकाला बसला. खिडकीबाहेर छपरावरून पाणी गळत होतं, लांबून नदीवरचा बर्फ फुटल्याचा आवाज आला, आणि झुबारेवनं त्या सगळ्यांकडं एकेक करून पाहिलं. मग त्यानं दोन्ही हातांनी एकदम गुडघ्यांवर थाप मारली.

"चला," तो म्हणाला, आणि सगळे त्याच्याबरोबर उठले.